माड, पोफळ, ताड आणि मंडळी: पामचं नातंगोतं, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी लोकांना झाडं दाखवत फिरायची सवय आहे, त्यामुळे आठवडाभर फोनवर फोटो आणि प्रश्न येत राहतात. पामबद्दल तर तेच तेच वीस-बावीस प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. क्रम साधारण सोप्याकडून अवघडाकडे आहे. एक गोष्ट दोनदा लिहायचा कंटाळा येतो म्हणून मधेमधे "अमुक प्रश्न बघा" असं म्हटलंय, तेवढं वर-खाली करा.

१. पाम म्हणजे नक्की काय? माड म्हणजेच पाम ना?

माड पाम आहे, पण पाम म्हणजे फक्त माड नव्हे. पोफळ, ताड, शिंदी, खजूर, भेर्ली माड, जंगलातला वेत, सोसायटीच्या गेटवरचा रॉयल पाम, ज्याला आपल्याकडे बरेच जण बॉटल पाम म्हणतात, हे सगळे एकाच कुळातले. जगात या कुळात सुमारे २,६०० जाती आहेत आणि बहुतेक उष्ण प्रदेशात. उंच सरळ खोड आणि डोक्यावर झावळ्यांचा झुबका हे चित्र डोक्यात पक्कं बसलेलं असतं, पण त्या चित्रावर गेलात तर दोन्हीकडून फसाल, कारण वेताला ते लागू पडत नाही आणि पपईला पडतं.

२. पुस्तकात कुठे "पामी" लिहिलेलं असतं, कुठे "अरेकेसी". बरोबर कुठलं?

दोन्ही. वनस्पतींच्या नामकरणाच्या नियमांत आठ जुन्या कुळांना खास सवलत आहे, त्यांची जुनी नावं नव्या नावांइतकीच वैध धरतात. पामी त्यातलंच एक, गवतांचं ग्रॅमिनी आणि कडधान्यांचं लेग्युमिनोसी ही दुसरी दोन. नव्या पद्धतीत कुळाचं नाव त्यातल्या एखाद्या प्रजातीवरून ठेवून पुढे "एसी" लावतात. इथे ती प्रजाती अरेका, म्हणजे आपली सुपारी, म्हणून अरेकेसी. म्हणजे खजूर, माड, ताड एवढी बडी मंडळी असताना कुळाला नाव मिळालं ते सुपारीचं. जुन्या मराठी पुस्तकांत "ताल कुल" सापडेल, तेही हेच.

३. प्रजाती म्हणजे स्पीशीज ना? तुम्ही उलटं का लिहिता?

मी उलटं लिहीत नाही, पेपरवाले लिहितात. मराठी जीवशास्त्रात प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज, शाळेच्या पुस्तकातही तसंच. हिंदीत प्रजाती स्पीशीजला म्हणतात आणि तिथून ते बातम्यांत शिरलंय. या पानावर उतरंड अशी: गण, त्याच्या आत कूळ, मग उपकूळ, मग प्रजाती, मग जाती. उदाहरणार्थ फिनिक्स ही प्रजाती, तिच्यात खजूर ही एक जाती आणि शिंदी ही दुसरी. आणि शेतकरी "नारळाची जात" म्हणतो ते तिसरंच काहीतरी, त्यासाठी प्रश्न १६ बघा.

४. माड झाड आहे की गवत? गोव्यात सरकारने त्याला गवत ठरवलं होतं म्हणे.

गवत तर नाहीच. २०१६ साली गोव्यात वृक्ष संरक्षण कायद्यात दुरुस्ती करून माडाला "वृक्ष" या व्याख्येतून बाहेर काढलं होतं, म्हणजे तो तोडायला परवानगी लागणार नाही असा त्याचा अर्थ. त्यावर भरपूर गदारोळ झाला आणि २०१७ मधे त्याला परत वृक्षात घेतलं. "माडाचं गवत केलं" हे त्या वेळच्या टीकेतलं वाक्य, तेच लोकांच्या लक्षात राहिलं.

बॉटनीपुरतं बोलायचं तर "वृक्ष" हा वर्गीकरणातला शब्दच नाही, ते वाढीच्या ठेवणीचं वर्णन आहे, "उंच माणसं" असं कूळ नसतं ना, तसं. आंबा, वड, निंब यांचं खोड दरवर्षी जाड होतं कारण सालीखाली नवं लाकूड तयार करणारा एक थर असतो. माडाला तो थर नाही. माडाचं रोप आधी जमिनीलगत काही वर्षं नुसतं बसकण मारून रुंद होतं, पूर्ण जाडी आली की मग वर सरकतं. त्यामुळे माडाचं खोड कापलं तर वर्षांची वलयं दिसत नाहीत, राठ धाग्यांचे ठिपके विखुरलेले दिसतात. बाहेरून जी वळी दिसतात ती गळलेल्या झावळ्यांच्या खुणा, त्या मोजून वय काढू नका. आणि शेंड्याचा कोंब एकच असतो, गेंड्या भुंग्याने तो खाल्ला की खेळ खलास, आंब्यासारखी बाजूने फूट येत नाही.

५. एकदल म्हणजे काय? नारळात ते एक दल कुठे दिसतं?

बी रुजताना हरभऱ्याला दोन डाळी असतात, मक्याला एकच दल असतं, हे शाळेत झालंय. फुलझाडांतला एकदल हा मोठा गट, पाम त्यातले. बाकीच्या खुणा म्हणजे फुलाचे भाग तीनच्या पटीत, मूळ एकच सोटमूळ न राहता झुबकेदार, खोडातल्या नळ्या विखुरलेल्या.

नारळात दल बघायचं असेल तर मोड आलेला नारळ फोडा. आत पांढरा-पिवळसर, स्पंजासारखा गोडसर गोळा सापडतो, लहानपणी त्यावरून भावंडांत मारामारी व्हायची. तो गोळा म्हणजेच ते एक दल, निदान त्याचं आतलं टोक. कोंब बाहेर येतो तेव्हा दलाचं हे टोक आतच फुगत जातं आणि खोबरं विरघळवून कोंबाला पोचवतं, म्हणून फार दिवस मोड आलेल्या नारळात गोळा मोठा आणि खोबरं पातळ असतं. हे मी ज्यांना ज्यांना दाखवलंय त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो, कारण दल म्हणजे हिरवं पान असं डोक्यात असतं.

६. मग पामचे जवळचे नातेवाईक कोण?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून जरा लांब उत्तर.

एकदलांच्या आत एक मोठा गट आहे, कॉमेलिनिड म्हणतात, नाव आलंय केनीवरून, पावसाळ्यात ज्याची भजी करतात ती निळ्या फुलाची केना. त्या गटात चार गण आहेत. एक पामचा. दुसरा केनीचा, त्यात जलपर्णीसुद्धा. तिसरा आल्याचा, त्यात हळद, वेलदोडा, केळ, कर्दळ. चौथा गवतांचा, म्हणजे भात, ज्वारी, ऊस, बांबू आणि चक्क अननस. या सगळ्यांच्या पेशीभित्तिकांत फेरुलिक आम्ल नावाचा पदार्थ असतो जो अतिनील प्रकाशात चमकतो, बाकीच्या एकदलांत, म्हणजे कांदा, कोरफड, अळू, ऑर्किड यांच्यात तसं दिसत नाही. डीएनएने पुढे हेच नातं पक्कं केलं.

आता पूजेचं ताट आठवा. विड्यावर मांडतो ते खारीक, बदाम, हळकुंड, सुपारी आणि खोबऱ्याचा तुकडा. यातले खारीक, सुपारी, खोबरं पाम, हळकुंड त्यांचं चुलत. ताटाखालचे तांदूळ चुलत, नैवेद्याची केळी चुलत, चौरंगाचे केळीचे खांब चुलत, प्रसादातली साखर उसाची म्हणजे तीही चुलत. बाहेरचे कोण तर बदाम, आंब्याचा टाळा आणि विड्याचं पान. नागवेल तर मिरीच्या कुळातली, ती एकदलही नाही आणि नेहमीच्या द्विदलांतही बसत नाही. म्हणजे आपण दरवेळी एका घराण्याचं स्नेहसंमेलनच भरवतो, फक्त कोणी कोणाची ओळख करून देत नाही.

७. पामच्या गणात पाम सोडून दुसरं कोणी आहे का?

बराच काळ उत्तर "कोणी नाही" असंच होतं. आता डॅसिपोगोनेसी नावाचं एक छोटं कूळ त्यात घेतलंय, फक्त ऑस्ट्रेलियात मिळणाऱ्या १६ जाती, आणि बघायला पाम अजिबात वाटत नाहीत, गवताचे ठोंब वाटतात. वर्गीकरणकारांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २००९ च्या यादीत या कुळाला कुठलाच गण दिला नव्हता, २०१६ च्या यादीत पामच्या गणात बसवलं. नातं फार जुन्या काळी तुटलेलं आहे त्यामुळे पुरावा बारीक आहे, परत हलवलं तर मला आश्चर्य वाटणार नाही.

८. पाम कुळाच्या आत गट कसे पाडलेत?

पाच उपकुळं. २००५ पासून ही मांडणी चालू आहे, जॉन ड्रान्सफील्ड, नॅटली उल या पामच्या अभ्यासकांची आणि त्यांच्या सोबत्यांची, आणि २००८ साली त्यांचा जाडजूड ग्रंथ आला तेव्हापासून सगळे तीच वापरतात.

पहिलं वेताचं. फळावर सापाच्या कातडीसारखे खवले, ही खूण कधीच चुकत नाही. दुसरं निपाचं, त्यात फक्त एक जाती, सुंदरबनात आणि अंदमानात खाडीच्या चिखलात वाढणारी. तिसरं कोरिफाचं, यात ताड, खजूर, शिंदी, भेर्ली माड आणि श्रीताल, ज्याच्या पानांवर जुन्या पोथ्या लिहिल्या, ताडाच्याही पानांवर लिहिल्यात पण श्रीतालाचं पान रुंद आणि मऊ. चौथं सेरॉक्सिलॉनचं, आपल्याकडे कोणी नाही, अँडीजमधला मेणाचा पाम यातला, कोलंबियाचा राष्ट्रीय वृक्ष आणि जगातला सगळ्यात उंच पाम, ६० मीटरपर्यंत जातो. पाचवं सुपारीचं, निम्म्याहून जास्त पाम एकट्या यात, माड, पोफळ, तेलपाम, रॉयल पाम सगळे.

म्हणजे कोकणातल्या वाडीत माड आणि पोफळ शेजारी उभे असतात ते एका उपकुळातले, आणि बांधावरचा ताड दुसऱ्याच घरचा.

९. पंख्यासारख्या पानाचे एक गट आणि पिसासारख्या पानाचे दुसरा, असं सरळ का नाही?

जुन्या लोकांनी तसं करून बघितलं, पण जमलं नाही. खजुराचं पान पिसासारखं, ताडाचं पंख्यासारखं, तरी दोघं एका उपकुळात. उलट दक्षिण अमेरिकेतला मॉरिशिया पंख्याच्या पानाचा, पण निघतो वेताच्या घरचा.

पानाच्या आकारापेक्षा पातीची घडी बघा. एक पाती झावळीच्या दांड्याला चिकटते तिथून कापा आणि कापलेलं टोक डोळ्यासमोर धरा. माडाची पाती कौलारू छपरासारखी दिसेल, मधला हीर वर आणि दोन्ही बाजू खाली. शिंदीची पाती पन्हळीसारखी, हीर खाली आणि बाजू वर, काटे सांभाळून. माड, पोफळ, रॉयल पाम, वेत सगळे छपरवाले. खजूर, शिंदी, ताड पन्हळवाले. आणि आता भेर्ली माडाची पाती कापा, ती माशाच्या शेपटीसारखी. पन्हळ!

या भेर्ली माडाने लोकांना चांगलं फसवलं. १९८७ च्या मांडणीत तो सुपारीच्या उपकुळात होता, कारण बाकीची लक्षणं तिकडे झुकत होती. डीएनए बघितल्यावर तो ताड-खजुरांच्या उपकुळात गेला आणि मग लक्षात आलं की पातीची घडी पहिल्यापासून तेच सांगत होती. नावात माड असला तरी माडाचा तो सख्खा नाही. त्याची अजून एक गंमत, पहिला फुलोरा शेंड्याशी येतो, मग दरवेळी एकेक पायरी खाली, आणि सगळ्यात खालचा उरकला की झाड मरतं.

१०. झावळीच्या पाती म्हणजे पर्णिकाच ना, चिंचेसारख्या?

दिसतात तशा, पण बनतात वेगळ्या. चिंचेच्या किंवा निंबाच्या पर्णिका कळीतच सुट्या सुट्या तयार होतात. पामचं पान कळीत अखंड असतं, जपानी पंख्यासारखं घड्या घातलेलं, आणि मग घड्यांवर फाटत जातं. पटत नसेल तर नारळाच्या रोपाची पहिली पानं बघा, ती अख्खीच असतात, चुणीदार, फाटलेली नाहीत. फुलझाडांत पान या रीतीने फाडून घेणारे पामच.

११. नारळाला तीन डोळे का असतात, आणि कोंब एकाच डोळ्यातून का?

फूल असताना आत तीन कप्पे असतात, तीन डोळे ही त्या तिघांची आठवण. पुढे एकाच कप्प्यात बी धरतं, म्हणून एकच डोळा मऊ राहतो आणि कोंब तिथून निघतो, बाकीचे दोन टणक. सोललेल्या नारळाची शेंडी काढून सळईने टोचून बघा, लगेच कळेल. पाणी काढायला आपण जो डोळा शोधतो तोच.

पण मला इथे सांगायचंय ते वेगळं. टणक करवंटी आणि तिला तीन डोळे, ही खूण माडाच्या अख्ख्या पोटगटाची आहे, आणि त्या पोटगटात तेलपाम येतो, पश्चिम आफ्रिकेचा, ज्याचं पामतेल आपण फरसाणातून खातो. सुपारी त्यात येत नाही. तेव्हा माडाला तेलपाम जवळचा आणि वाडीत शंभर वर्षं शेजारी उभी असलेली पोफळ जरा लांबची.

१२. दर्याई नारळ हा नारळाचाच मोठा प्रकार का?

नाही, तो ताडाचा भाऊ आहे. काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो, फकीर-साधूंच्या हातात त्याचा कटोरा किंवा कमंडलू असतो तो हाच. झाड फक्त सेशेल्सच्या एक-दोन बेटांवर नैसर्गिकरीत्या वाढतं. पूर्वी रिकाम्या, कुजलेल्या बिया समुद्रातून वाहत यायच्या, मालदीवच्या किनाऱ्यावर सापडायच्या, आणि झाड कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून शास्त्रीय नावात अजून मालदीव आहे. जगातली सगळ्यात मोठी बी, वीस-पंचवीस किलोपर्यंत. ताडासारखाच नर वेगळा, मादी वेगळी.

१३. सायकस, ट्रॅव्हलर्स पाम, पोनीटेल पाम, ड्रॅसिना यातले पाम कोणते?

एकही नाही. सगळ्यात जास्त फोटो याचेच येतात.

सायकस, ज्याला नर्सरीवाले सागो पाम म्हणतात, ते तर फुलझाडच नाही. त्याला शंकू येतात, बी उघडं असतं, पाइनसारखं. म्हणजे माडाला आंबा जितका लांबचा त्याहून सायकस लांबचा. ट्रॅव्हलर्स पाम, तो मोराच्या पिसाऱ्यासारखा, मादागास्करचा, केळीच्या गणातला, फाटलेली पानं जवळून बघा, केळच दिसेल. पोनीटेल आणि ड्रॅसिना दोन्ही शतावरीच्या कुळातले. पपई तर द्विदल, तिचा संबंधच नाही, तरी विचारतात.

१४. आणि केवडा?

केवडाही नाही, पण इथे चुकणाऱ्याला मी हसत नाही. एकदल आहे, समुद्रकाठी माडाशेजारी वाढतो, पानं लांब. फरक असा की केवड्याची पानं खोडाभोवती मळसूत्रासारखी तीन रांगांत चढतात, कडेला काटे असतात, खोडाला फांद्या फुटतात आणि खालून टेकू देणारी मुळं निघतात. त्याचा गण वेगळा आणि तो प्रश्न ६ मधल्या चार गणांच्या बाहेर. केवड्याच्या गणात अजून एक ठकसेन आहे, पनामा हॅट ज्याच्या पानांपासून विणतात तो, इक्वेडोरमधे होतो, त्याचं पान पामसारखंच चुणीदार, पण पाम नाही.

१५. घरच्या अरेका पामला सुपारी कधी लागेल?

कधीच नाही. मी स्वतः यात फसलोय. वीसेक वर्षांपूर्वी एका नर्सरीतून "अरेका" म्हणून चार रोपं आणली, बॉटनी शिकलेलो असून, कुंपणाला लावली आणि आईला सांगून बसलो की पाच-सहा वर्षांत घरची सुपारी. चार वर्षांनी प्रत्येकाचा बांबूसारखा झुपका झाला, देठ पिवळे, आई रोज विचारायची सुपारी कधी, मग एकदाचं निरखून बघितलं. पोफळीला एकच खोड असतं, सरळसोट हिरवं. नर्सरीतला अरेका पाम मादागास्करचा आहे आणि प्रजातीच वेगळी.

त्याचं नाव बदलत आलंय. १८७८ मधे क्रिसॅलिडोकार्पस, १९९५ मधे डिप्सिस केलं, आणि २०२२ मधे परत क्रिसॅलिडोकार्पस. बाजारात मात्र तो अरेकाच राहणार. उपकूळ सुपारीचंच आहे, तेवढं समाधान.

१६. बाणवली, सिंगापुरी, केशरी बुटका या वेगळ्या जाती आहेत का?

शेतीच्या भाषेत जाती, बॉटनीच्या भाषेत नाही. कोकोस या प्रजातीत जगभरात एकच जाती आहे, कोकोस न्युसिफेरा, बाकी सगळे तिचे वाण. उंच, ठेंगू, केशरी, हिरवा, सगळे आपसात फळतात, त्यातूनच संकरित वाण निघतात. २०११ मधे डीएनएवरून दिसलं की जगातल्या माडांचे दोन मोठे घोळके आहेत, एक प्रशांत महासागराकडचा आणि एक हिंदी महासागराकडचा, म्हणजे माड माणसाच्या हाताखाली दोन वेगळ्या ठिकाणी आला असावा.

१७. शिंदी म्हणजे रानटी खजूर का? दोघांचा संकर होतो का?

सख्ख्या बहिणी, एकाच प्रजातीतल्या, आणि हो, संकर होतो. शिंदीची फळं लागतात पण गर नावाला, बीच मोठी. दोन्हीत नर-मादी झाडं वेगळी, खजुराच्या बागेत म्हणूनच नराचा फुलोरा कापून मादीवर झटकतात. माडाचं तसं नाही, एकाच पोयीत दोन्ही फुलं, टोकाकडे बारीक नर आणि बुडाशी बोंडासारख्या मादी.

१८. आपण यांचं खातो ते नक्की काय? सगळं फळच का?

खजुरात बीभोवतीचा गर खातो, बी फेकतो. नारळात उलट, बाहेरचं सोडण फेकतो आणि बीच्या आतलं अन्न खातो, खोबरं आणि पाणी दोन्ही तेच, एक घट्ट झालेलं आणि एक व्हायचं राहिलेलं. ताडगोळाही तोच भाग, कोवळा असताना काढलेला, ताडाच्या फळात तीन गोळे कारण तिथे तिन्ही कप्पे फळतात, प्रश्न ११ बघा. सुपारीत अख्खी बी. अडकित्त्याने कापल्यावर जी तपकिरी-पांढरी नक्षी दिसते ती म्हणजे बीच्या सालीने आतल्या अन्नात घुसून काढलेल्या रेघा, आणि ही नक्षी वर्गीकरणात लक्षण म्हणून वापरतात.

१९. साबुदाणा पामपासून होतो ना? मग उपासाला चालतो तो कुठला?

मूळचा सागो पामचाच, न्यू गिनी आणि मोलुक्काकडचा, वेताच्या उपकुळातला. तो आयुष्यात एकदाच फुलतो, आणि फुलायच्या आधी खोडात स्टार्च साठवतो, तेव्हाच तोडतात. आपल्या खिचडीतला साबुदाणा त्याचा नाही, तो टॅपिओकाच्या कंदाचा, तमिळनाडूत सेलमकडे मोठा धंदा आहे. टॅपिओका एरंडाच्या कुळातला, द्विदल. उपासाला चालतो का हे घरच्यांना विचारा.

२०. पामला फांद्या नसतात असं शिकलो, पण दीवला फांद्यांचे ताड बघितले!

बरोबर बघितलेत. तो रावणताड, हायफेनी, ताडाच्याच पोटगटातला, गुजरात-दीवच्या किनाऱ्याला आणि आपल्याकडेही थोडाफार. त्याचा शेंडा दोनात दुभंगतो, मग त्या दोनाचे चार. निपाचं आडवं खोडही चिखलात असंच दुभंगतं, फक्त दिसत नाही. कधीकधी तीन-चार तोंडांचा माड सापडतो आणि लोक हळद-कुंकू वाहायला लागतात, तो मात्र प्रकार वेगळा नाही, शेंड्याला इजा झाल्यामुळे किंवा असंच काही बिघडल्यामुळे झालेला अपवाद आहे.

२१. वेत वेल आहे, तो पाम कसा?

पाम वेलही असू शकतो, एवढंच. कॅलॅमस ही पाम कुळातली सगळ्यात मोठी प्रजाती, चारशेच्या वर जाती, आणि काही वेत शंभर मीटरहून लांब होतात. अंगावरच्या आकडीदार चाबकांनी शेजारची झाडं पकडत चढतो. सह्याद्रीत एकदा शर्ट अडकला की कळतं. फळ मिळालं तर खवले बघा, प्रश्न ८.

२२. हे सगळं भारतात कोणी आणि कधी लिहून ठेवलं?

मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा डच ग्रंथ, "हॉर्टस मलबारिकस", १६७८ ते १६९३ मधे ॲमस्टरडॅमला छापला, त्याची सुरुवातच माडाने होते. त्यात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांनी दिलेली साक्ष नागरी लिपीत छापलेली आहे. शास्त्रीय नावांची आजची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५३ मधे झाडांना नावं दिली तेव्हा भारतीय झाडांसाठी हा ग्रंथ त्याच्यासमोर होता. नंतर मुंबईच्या सेंट झेवियर्समधले फादर ब्लॅटर, त्यांचं भारत आणि सिलोनच्या पामांवरचं पुस्तक १९२६ चं.

त्याहून जुनी नोंद हवी असेल तर वर्धा जिल्ह्यात नवरगावला जा. सह्याद्री-दख्खनचा लाव्हा थरावर थर ओतत होता, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, तेव्हा दोन थरांमधल्या गाळात पामची खोडं दगड होऊन बसलीत. कापलेल्या दगडात तेच विखुरलेले ठिपके दिसतात जे प्रश्न ४ मधल्या माडाच्या खोडात दिसतात.

२३. डीएनए आल्यावर तरी नावं स्थिर व्हायला हवी होती. अजून का बदलतात?

पाम यात जरा त्रासदायक आहेत. त्यांचा डीएनए गवतांच्या मानाने फार सावकाश बदलतो, त्यामुळे एखाद-दुसरा जीन वाचून दोन प्रजातींत फरकच सापडत नाही, खूप जीन वाचावे लागतात, आणि तेवढं वाचणं अलीकडेच परवडायला लागलं. शिवाय आपल्या बऱ्याच हर्बेरियममधे, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहांत, कपाटं अजून बेंथम आणि हूकर या जुन्या इंग्रज वर्गीकरणकारांच्या १८८३ च्या क्रमाने लावलेली आहेत, तिथे पाम शोधायचा तर जुना क्रम पाठ पाहिजे. कॉलेजच्या मुलांना म्हणूनच दोन्ही शिकवतात आणि मुलं दोन्ही विसरतात.

२४. फोटो पाठवला तर ओळखून द्याल का?

देईन, पण लांबून काढलेला सूर्यास्ताचा नको. तीन फोटो पाठवा: पातीचं कापलेलं टोक, खोडाचा खालचा दोन-तीन फुटांचा भाग, आणि फूल किंवा फळ असेल तर ते, फळ सोलून. खोडं एक की अनेक तेही लिहा, आणि नर्सरीने काय नाव सांगितलं ते सांगूच नका, मी आधी माझं सांगतो. सायकस निघाला तर रागावू नका, गेल्या महिन्यात चार निघाले.